तेलाच्या विहिरी आणि विद्येची पाणपोई
(बाकूचे हाजी जैनुलआबेदीन तागीयेव यांचा जीवनपरिचय)

रॉकेलचा कंदील आता आपल्या घरांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु आजच्या पालकांच्या आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी अलीफ-बे आणि बाराखडी गिरवली ती याच घासलेटच्या चिमणीच्या उजेडात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तेल अमेरिकेतून जसे येई तसेच ते कॉकेशस पर्वताच्या टोकाशी असलेल्या बाकू शहरातूनही येई. काळ्या समुद्रावरील बाटूम बंदर आणि तेथून सुवेझ कालवा असा प्रवास करून रशियन रॉकेल हिंदुस्थानच्या बाजारात पोहोचत असे.

त्या बाकू शहरात एक मुसलमान तेलसम्राट होऊन गेला. लहानपणी त्याने गवंड्याच्या हाताखाली चुना-माती वाहिली. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नव्हते. जमिनीतून निघालेल्या तेलाने त्याला अपार संपत्ती दिली आणि त्या संपत्तीतून त्याने मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. त्याच्या विहिरी गेल्या, वाडा गेला, कारखाने गेले. शाळेतून जे पेरले गेले ते मात्र राहिले. हाजी जैनुलआबेदीन तागीयेव यांची ही जीवनकथा आपल्या विद्यार्थ्यांनी आणि त्याहूनही अधिक आपल्या पालकांनी समजून घेण्यासारखी आहे.

आगीची भूमी

कॉकेशस ही पर्वतरांग काळ्या समुद्रापासून कॅस्पियन समुद्रापर्यंत सुमारे अकराशे किलोमीटर पसरली आहे. तिचे पूर्वेकडील टोक हळूहळू उतरत कॅस्पियन समुद्रात शिरते. तेथे चोचीसारखा पुढे आलेला जमिनीचा भाग म्हणजे आबशेरॉन द्वीपकल्प. बाकू शहर याच द्वीपकल्पावर वसलेले आहे. पाऊस कमी, वारा फार, झाडी थोडी आणि जमीन खारट अशी ती भूमी. मात्र तिच्या भेगांतून वायू बाहेर पडतो, कुठे तो आपोआप जळत राहतो, कुठे काळे तेल पाझरते, तर कुठे टेकडीच्या माथ्यावरून गार चिखल बुडबुडत वाहतो.

ही गोष्ट जगाला फार जुन्या काळापासून ठाऊक होती. दहाव्या शतकातील थोर अरब प्रवासी व इतिहासकार अल-मसूदी यांनी बाकूच्या नफ्ताची, आणि विशेषतः तेथील पांढऱ्या नफ्ताची, नोंद केली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या भागातील तेल दिव्यासाठी आणि उंटांच्या खरजेवर औषध म्हणून वापरले जात असल्याचे लिहून ठेवले. बालाखानी गावात १५९४ हे साल कोरलेला शिलालेख सापडला असून त्यात सुमारे पस्तीस मीटर खोल, हाताने खणलेल्या तेलविहिरीचा उल्लेख आहे.

आपल्या देशाशीही या भूमीचे जुने नाते आहे. बाकूजवळच्या सुराखानी गावात आतिशगाह नावाचे अग्निमंदिर आहे. व्यापारासाठी तेथे गेलेल्या हिंदुस्थानी लोकांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. त्याच्या भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी लिपीतील शिलालेख आजही पाहायला मिळतात. तेथील ज्योत जमिनीतून आपोआप येणाऱ्या वायूवर जळत असे. आसपासच्या विहिरींतून तेल व वायू उपसला गेल्यामुळे १९६९ च्या सुमारास ती विझली. आता तेथे नळाने आणलेल्या वायूवर ज्योत पेटवलेली असते. जमिनीतील धन कितीही अफाट दिसले तरी ते संपणारे असते, ही गोष्ट त्या विझलेल्या ज्योतीइतकी स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितली असेल.

हे तेल आले कोठून?

विद्यार्थी मित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी तेल का सापडावे, हा प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह १८६३ साली बाकूला आले होते. पुढे १८७७ साली त्यांनी असे मत मांडले की, पृथ्वीच्या पोटातील लोखंडाच्या कार्बाइडवर पाण्याची क्रिया होऊन खनिज तेल तयार होत असावे. इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाचे हे मत पुढील पुराव्यांपुढे टिकले नाही. १९३४ मध्ये ट्राइब्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने खनिज तेलात असे रेणू शोधून काढले की ज्यांची ठेवण झाडाच्या पानातील हरितद्रव्याशी जुळत होती. याचा अर्थ उघड होता. तेल हे एके काळच्या सजीवांपासूनच बनले आहे.

कॉकेशसपुरती ही हकिकत अशी आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण टेथिस समुद्राचे नाव वाचतो. त्याची एक उत्तरेकडील शाखा आजच्या काळ्या समुद्रापासून कॅस्पियनच्या पलीकडे पसरली होती. सुमारे साडेतीन कोटी ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळात या समुद्राचा महासागराशी असलेला संबंध बराच तुटला. त्याच्या तळाशी प्राणवायू कमी झाला. पाण्यात वाढणारी अतिसूक्ष्म शेवाळे आणि जीव मरून तळाशी पडत, नद्यांनी आणलेला झाडपाला त्यात मिसळे. प्राणवायू असता तर हे सारे कुजून गेले असते. प्राणवायू नसल्यामुळे ते काळ्या चिखलात तसेच दबून राहिले. या चिखलाच्या थरांना कॉकेशसच्या उत्तर अंगाला असलेल्या मायकोप शहरावरून मायकोप थर असे नाव आहे.

पुढे दक्षिणेकडून अरबस्तानचा भूपट्ट युरोप-आशियाच्या भूपट्टावर रेटू लागला आणि मधला भाग वर उचलला जाऊन कॉकेशस पर्वत उभा राहू लागला. पर्वताच्या शेजारी कॅस्पियनचा दक्षिण तळ मात्र खचत गेला. व्होल्गा नदीची जुनी धार आणि पर्वतावरून येणाऱ्या नद्या यांनी सुमारे पंचावन्न लाख ते तीस लाख वर्षांपूर्वीच्या काळात त्यावर कित्येक किलोमीटर जाडीचे वाळू-मातीचे थर आणून टाकले. त्या ओझ्याखाली मायकोपचा काळा चिखल खोल गेला आणि तापू लागला. त्यातील सेंद्रिय पदार्थाचे आधी केरोजन नावाच्या घट्ट पदार्थात रूपांतर झाले होते. साधारण साठ ते दीडशे अंश सेल्सियस या उष्णतेत त्या केरोजनचे रेणू हळूहळू तुटून तेल व वायू सुटे झाले. चुलीवरचे कालवण मंद आचेवर शिजावे तसा हा प्रकार आहे. फक्त शिजायला लाखो वर्षे लागतात. आच कमी पडली तर तेल होत नाही, आणि फार झाली तर नुसता वायू उरतो. बाकूच्या परिसरात थर इतक्या वेगाने साचले की ते पुरते तापायलाच वेळ मिळाला नाही. म्हणून तेथे तेल तयार होण्यासाठी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त खोली लागते.

तयार झालेले तेल पाण्यापेक्षा हलके. ते भेगांतून आणि वाळूच्या कणांमधून वर चढू लागले. ज्या रेट्याने पर्वत उभा केला त्यानेच या वाळूच्या थरांना कमानीसारख्या घड्या घातल्या होत्या. भूगोलात अशा घडीला अपनती म्हणतात. घडीच्या माथ्यावर चिकणमातीचे झाकण असेल तर तेल तेथे अडकून साठते. बालाखानी, सुराखानी, बीबी-हैबत ही सारी प्रसिद्ध तेलक्षेत्रे अशाच घड्यांवर आहेत. जेथे झाकण फाटले तेथे वायू चिखलाला घेऊन वर येतो आणि चिखलाचा ज्वालामुखी तयार होतो. अझरबैजानात आणि लगतच्या समुद्रात असे सुमारे चारशे ज्वालामुखी आहेत. त्यांच्या चिखलाबरोबर मायकोप थरातील दगडांचे तुकडे वर येतात. भूरसायनशास्त्रज्ञ त्या तुकड्यांतील आणि तेलातील रेणू ताडून पाहतात, आणि बोटांचे ठसे जुळावेत तसे ते जुळले की या तेलाचा जन्म कोणत्या थरात झाला याचा उलगडा होतो.

मोच्याचा मुलगा

या भूमीवर, बाकूच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, जैनुलआबेदीन यांचा जन्म झाला. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. कोणी १८२३ सांगतात तर कोणी १८३८. वडील तागी हे जोडे शिवून पोट भरणारे कारागीर होते. घरात दारिद्र्य होते. आई लहानपणीच अल्लाला प्यारी झाली. मुलाला मकतबात घालण्याऐवजी वडिलांना त्याला कामावर धाडावे लागले. लहान वयात तो गवंड्यांच्या हाताखाली चुना-माती वाहू लागला, मग दगड घडवायला शिकला, पुढे भिंत बांधू लागला. अंगात कष्टाळूपणा आणि बोलण्यात सचोटी असल्यामुळे तरुण वयातच तो स्वतः बांधकामाचे ठेके घेऊ लागला. कवडी-कवडी जमवून त्याने थोडे भांडवल उभे केले.

बाकू १८०६ पासून रशियाच्या झारच्या ताब्यात होते. तेलाच्या जमिनी सरकारी मालकीच्या असत आणि त्या ठरावीक मुदतीच्या मक्त्याने दिल्या जात. मुदत संपल्यावर जमीन आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसल्यामुळे मक्तेदार खोल विहिरी पाडण्याचा खर्च करीत नसत. खरे तर बीबी-हैबत येथे १८४० च्या दशकातच, अमेरिकेतील ड्रेकच्या प्रसिद्ध विहिरीच्या आधी, यंत्राने छिद्र पाडून तेल शोधण्याचा प्रयोग झाला होता. पण मक्त्याच्या पद्धतीमुळे तो तसाच मागे पडला. १८७२ साली ही पद्धत रद्द झाली आणि जमिनींचा लिलाव सुरू झाला. त्याच सुमारास, १८७३ साली, बंदुकांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचे लाकूड खरेदी करायला आलेल्या रॉबर्ट नोबेलने बाकूत तेल शुद्ध करण्याचा कारखाना घेतला. नोबेल पारितोषिकाचे आल्फ्रेड नोबेल हे त्याचे धाकटे बंधू.

सब्राचे फळ

तागीयेव यांनीही याच १८७३ साली दोन आर्मेनियन भागीदारांसह बीबी-हैबत येथे जमीन घेतली. बीबी-हैबत हे नाव तेथील एका पूज्य बीबींच्या मजारीवरून पडले आहे. कामाला सुरुवात झाली. वर्ष गेले, पैसा गेला. विहिरीतून तेल काही येईना. शेजारच्या माणसाच्या जमिनीत तेल आणि आपल्या जमिनीत नुसते खारे पाणी, असा प्रकार तेथे नेहमीच होई. त्याचे कारण आज आपल्याला कळते. तेलवाळूचे थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतात, मधे मातीचे पडदे असतात आणि घडीच्या माथ्यापासून थोडे बाजूला गेले की तेलाऐवजी पाणीच लागते. त्या काळी जमिनीच्या पोटाचा नकाशा कोणाजवळच नव्हता. भागीदार कंटाळले आणि आपले हिस्से तागीयेव यांना विकून मोकळे झाले. त्यांनी मात्र खणणे सोडले नाही. अखेर काही वर्षांनी छिद्र तेलाच्या थरात पोहोचले आणि कारंजे उसळले. मोच्याचा मुलगा पाहता पाहता बाकूतील बड्या धनिकांत जाऊन बसला.

१८८६ साली त्यांच्या एका विहिरीतून उसळलेले कारंजे तर जगप्रसिद्ध झाले. तेलाचा काळा स्तंभ दोनशे फुटांच्या आसपास उंच गेला आणि वाऱ्याने त्याचे थेंब शहरापर्यंत उडाले. अशा कारंज्यांमागचे कारण सोपे आहे. सोड्याच्या बाटलीत वायू दाबून भरलेला असतो, तसाच तो तेलात विरघळलेला असतो. झाकण उघडताच तो तेलाला घेऊन बाहेर झेपावतो. बाकूला थर घाईने साचल्यामुळे त्यांतले पाणी-वायू बाहेर निघायला वाव मिळाला नव्हता, म्हणून हा दाब विशेष होता. पण त्या विहिरीला बूच घालण्याची पुरेशी साधने तेव्हा नव्हती. दिवसच्या दिवस लाखो मण तेल वाहून समुद्रात आणि खड्ड्यांत वाया गेले. ज्ञान अपुरे असले की अल्लाने दिलेली नेमतसुद्धा मातीमोल होते, याचा हा धडाच होता.

तेल आपले, विद्या दुसऱ्याची

१८७८ साली नोबेल बंधूंनी कॅस्पियन समुद्रात तेलवाहू आगबोट सोडली. १८८३ साली बाकू ते बाटूम रेल्वे पूर्ण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील जवळजवळ निम्मे खनिज तेल एकट्या बाकूतून निघत होते. १९०१ साली हा आकडा एक कोटी टनांच्या वर गेला होता. वैभवाला सीमा नव्हती. पण ते वैभव कोणाचे होते? विहिरीत उतरून विषारी वायूत गुदमरणारे, आगीत होरपळणारे, धुराने काळवंडलेल्या वस्तीत राहणारे बिनकसबी मजूर बहुतेक मुसलमान होते. कोणी आसपासच्या खेड्यांतले, कोणी इराणातून पोटासाठी आलेले. आणि नकाशे काढणारे, यंत्रे चालवणारे, प्रयोगशाळेत तेल तपासणारे, हिशेब ठेवणारे लोक बहुधा बाहेरचे किंवा इतर समाजांतले होते.

तेलाची परीक्षा करणे हे केवढे मोलाचे ज्ञान होते हे एका गोष्टीवरून कळेल. बाकूच्या तेलात गंधक कमी असे, हा त्याचा मोठा गुण. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या तेलाच्या मानाने त्यातून रॉकेल फारच थोडे निघे आणि जड गाळ पुष्कळ उरे. हा गाळ आरंभी टाकून दिला जाई. तो आगबोटीच्या भट्टीत जाळता येतो आणि त्यापासून यंत्रांना लागणारे उत्तम वंगण होते, हे ज्यांना समजले त्यांनी टाकाऊ वस्तूचे सोने केले. ज्यांना समजले नाही ते घमेली वाहत राहिले.

तागीयेव स्वतः लिहिणे-वाचणे शिकू शकले नव्हते. कोट्यवधींचे व्यवहार करताना प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी त्यांच्यावर येई. समाजाची खरी उणीव काय आहे हे त्यांना पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या उणिवेतून उमगले होते. १८९७ साली त्यांनी आपला तेलाचा धंदा इंग्रज भांडवलदारांना पन्नास लाख रूबलना विकला. विकत घेणाऱ्यांना तो सौदा फार फायद्याचा ठरला. तागीयेव यांनी तो पैसा कापडगिरणीसारख्या नव्या उद्योगांत आणि त्याबरोबरच समाजाच्या कामात घातला.

मुलींची शाळा

त्यांच्या साऱ्या कार्यात शिरोमणी शोभावे असे काम म्हणजे मुस्लिम मुलींची निवासी शाळा. त्या काळी रशियाच्या मुसलमान प्रदेशात मुलींसाठी आधुनिक पद्धतीची शाळा ही कल्पनाच लोकांना मानवणारी नव्हती. एका बाजूला झारचे सरकार परवानगी द्यायला तयार नव्हते. तर दुसऱ्या बाजूला आपलेच लोक, मुली शिकल्या तर घर आणि ईमान दोन्ही बुडेल, अशी भीती घालीत होते.

तागीयेव यांनी दोन्ही आघाड्यांवर शहाणपणाने पावले टाकली. सरकारकडून आधी नकार मिळाला होता. निकोलस दुसरा हा झार गादीवर आल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि शाळेला सम्राज्ञी अलेक्झांड्रा यांचे नाव देण्याची तयारी दाखवली. आपले नाव दारावर कोरण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. नाव कोणाचेही असो, मुली शिकल्या पाहिजेत, एवढेच त्यांनी पाहिले. परवानगी मिळाली. आपल्या समाजातील विरोधकांशी त्यांनी भांडण मांडले नाही. मुलींच्या शिक्षणाला शरियतची आडकाठी नाही असे अभिप्राय त्यांनी मोठमोठ्या धर्मस्थानांतील आलिमांकडून माणसे पाठवून मिळवले, असे सांगितले जाते. जी भीती धर्माच्या नावाने घातली जात होती ती त्यांनी धर्माच्या जाणकारांकडूनच दूर करून घेतली.

इमारतीचे काम १८९८ मध्ये सुरू झाले. गोस्लावस्की या पोलिश वास्तुशास्त्रज्ञाने तिचा आराखडा केला. केवळ इमारत बांधून देऊन तागीयेव थांबले नाहीत. शाळेचा नित्याचा खर्च पुढेही चालावा म्हणून त्यांनी कायम ठेव ठेवली. संस्था चालवणाऱ्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दगडी इमारत एकदा उभी राहते, पण दरमहा पगार आणि पुस्तके यांची तजवीज नसेल तर त्या इमारतीत कबुतरेच राहतात.

१९०१ साली शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी साठाच्या आसपास मुली आल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गरीब घरच्या होत्या. त्यांचा खर्च शाळेनेच उचलला. दीनियात, मातृभाषा, रशियन, गणित, भूगोल, शिवणकाम आणि घरकाम असे विषय शिकवले जात. पहिल्या मुख्याध्यापिका हनीफा मलिकोवा या होत्या. त्यांचे पती हसनबेग झरदाबी हे मॉस्को विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकलेले शिक्षक. १८७५ साली त्यांनी आपल्या भाषेतले पहिले वर्तमानपत्र काढले होते. पुढे नाटककार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या सकीना आखुंदजादे याही या शाळेत शिक्षिका होत्या. आपली मुलगी वसतिगृहात ठेवायला पालक सहजी तयार होत नव्हते. तेथे मुसलमान शिक्षिका आहेत, नमाज-रोजा सांभाळला जातो, मुलींचा मानमरातब राखला जातो, असा विश्वास बसला तेव्हाच दारे उघडू लागली.

विद्येबरोबर पाणीही

मुलांच्या बाबतीतही तागीयेव यांचा हात सढळ होता. होतकरू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी ते शिष्यवृत्त्या देत. नरीमान नरीमानोव्ह नावाच्या एका गरीब शिक्षकाला वैद्यकीय शिक्षणासाठी ओडेसाला जाण्यास त्यांनीच मदत केली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे. सामान्य माणसाला कुराणशरीफचा अर्थ आपल्या भाषेत समजावा म्हणून १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या भाषांतर व तफसीरच्या छपाईचा खर्चही त्यांनी केला. नाट्यगृह बांधले, वर्तमानपत्रे चालवली.

बाकूला तेलाचा पूर आणि प्यायच्या पाण्याचा दुष्काळ अशी अवस्था होती. खारे पाणी, घाणेरडी तळी आणि त्यांतून येणारे रोग यांनी गरीब वस्ती बेजार होती. कॉकेशसच्या पायथ्याशी शोलार येथे असलेले गोड झऱ्यांचे पाणी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर नळाने शहरात आणण्याच्या योजनेचा त्यांनी नेटाने पाठपुरावा केला. विल्यम लिंडले या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली हे काम झाले आणि १९१७ साली पाणी बाकूत पोहोचले. ज्या पर्वताने तेल दिले होते त्याच पर्वताचे पाणी अशा रीतीने गरिबाच्या माठात आले.

अखेरचे दिवस

पुढे काळ पालटला. रशियात क्रांती झाली. १९१८ साली अझरबैजानचे स्वतंत्र प्रजासत्ताक जन्मास आले. त्याच्या संसदेची पहिली बैठक ७ डिसेंबर १९१८ रोजी भरली ती तागीयेव यांच्या मुलींच्या शाळेच्या इमारतीत. या प्रजासत्ताकाने स्त्रियांनाही मतदानाचा हक्क दिला. ज्या इमारतीत सतरा वर्षांपूर्वी मुली पहिल्यांदा पाटी घेऊन आल्या त्याच इमारतीत राष्ट्राचा कारभार सुरू व्हावा, हा योग लहान नव्हे.

एप्रिल १९२० मध्ये बोल्शेविकांच्या लाल सैन्याने बाकू घेतले. धनिकांची मालमत्ता जप्त झाली. तागीयेव यांचा भव्य वाडा, गिरणी, सारे काही गेले. त्या वेळी नव्या राजवटीच्या प्रमुखपदी होते तेच नरीमान नरीमानोव्ह. त्यांनी जुन्या उपकाराची जाण ठेवली. वृद्ध हाजींना त्यांनी त्रास होऊ दिला नाही आणि मर्दाकान गावातील त्यांच्याच बागेतील घरात राहण्याची मुभा दिली. तेथेच १ सप्टेंबर १९२४ रोजी हाजी जैनुलआबेदीन तागीयेव यांचे निधन झाले. एका विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती, एवढीच त्यांच्या अफाट संपत्तीतील ठेव त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांच्या वाड्यात आज अझरबैजानचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. मुलींच्या शाळेच्या इमारतीत जुन्या हस्तलिखितांची संशोधन संस्था आहे. अरबी, फारसी व तुर्की भाषांतील मौल्यवान ग्रंथ तेथे जपून ठेवलेले आहेत.

आपल्यासाठी बोध

तागीयेव हे फरिश्ते नव्हते. ते आपल्या काळाचे एक श्रीमंत कारखानदार होते आणि त्या काळातील मजुरांच्या हालांपासून कोणताही कारखानदार सर्वस्वी अलिप्त राहू शकत नव्हता. पण आपल्या समाजाच्या दुखण्याचे निदान त्यांनी अचूक केले. पैसा नसणे हे ते दुखणे नव्हते, कारण पैसा तर त्यांच्या पायाखालच्या जमिनीतून उसळत होता. त्या पैशाला वळण लावणारी विद्या नसणे, हे ते दुखणे होते.

या निदानाचा पुरावा पुढच्या पिढीने दिला. १९०९ साली बाकूत जन्मलेल्या इज्जत ओरुजोवा या आपल्या देशातील पहिल्या स्त्री-अभियंत्यांपैकी एक झाल्या. त्यांनी तेलाच्या रसायनशास्त्रात, विशेषतः वंगणाच्या तेलाचे गुण वाढवणाऱ्या द्रव्यांवर, संशोधन केले आणि विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वापर्यंतचा मान मिळवला. ज्या जड गाळाला एके काळी कोणी विचारत नव्हते, त्याच प्रकारच्या तेलावर एका मुसलमान घरातील मुलीने प्रयोगशाळेत काम केले. तागीयेव यांच्या शाळेपासून ती प्रयोगशाळा अवघ्या तीन-चार दशकांच्या अंतरावर होती.

पालक बंधू-भगिनींनो, समुद्रतळाशी पडलेल्या सूक्ष्म जीवांचे तेल व्हायला लाखो वर्षे लागली आणि ते जाळून संपवायला दीडशे वर्षेही पुरेनात. विद्येचे गणित याच्या उलट आहे. एक मुलगी शिकायला दहा-बारा वर्षे लागतात आणि तिचा उजेड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आपल्या पायाखाली तेलाच्या विहिरी नाहीत म्हणून खंत करण्याचे कारण नाही. ज्यांच्या पायाखाली त्या होत्या त्यांनाही अखेरीस शाळेचेच दार ठोठवावे लागले. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवावे की पुढे चालू ठेवावे, हा प्रश्न ज्या घरात यंदा निघेल, त्या घराने एवढे ध्यानात घ्यावे की सही करण्यापलीकडे अक्षर न शिकलेल्या एका हाजीसाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी देऊन ठेवले आहे.